आईपुढे ठेवलेलं कानकोरणं

मी कानकोरणं बोलतोय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. तलवार बोलली, वडाचं झाड बोललं, की तुम्ही माना डोलावता; आणि कान साफ करायची वीतभर काडी बोलायला लागली की तुम्हाला हसू फुटतं. हरकत नाही. मी दुकानात वाढलोय. गिऱ्हाईक हसलं म्हणजे थांबलं, आणि थांबलं म्हणजे अर्धा सौदा झाला, एवढं मला कळतं.

माझं अंग बांबूचं. पण कालपरवा बनात वाढलेल्या बांबूचं नव्हे. डोंगरातलं एक गवती छपराचं घर पाडलं, त्याच्या आढ्याखालचा तो बांबू. खाली चूल, वर बांबू. पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर खाऊन तो गुळासारखा तांबूस आणि हाडासारखा कडक झालेला. आमच्या गरम झऱ्यांच्या गावात लाकडी बाहुल्या करणारे एक कातारी आजोबा होते, त्यांनी तो उचलून आणला. मला घासून बारीक केलं, दिव्याच्या धगीवर एक टोक वाकवून इवलासा चमचा काढला आणि दुसऱ्या टोकाला बाहुल्यांच्या उरलेल्या लाकडातलं वाटाण्याएवढं डोकं बसवलं. दोन रेघांचे डोळे, एका ठिपक्याचं तोंड. ठिपका जरा वाकडा पडला. कान मात्र काढले नाहीत, कारण आमच्याकडच्या बाहुल्यांना कान काढायची पद्धतच नाही. तेव्हा मी कान नसलेलं कानकोरणं. जन्मभर दुसऱ्यांचे कान साफ करायचे आणि आपल्याला एकही नाही! पण ऐकू सगळं येतं बरं.

आजोबांनी मला ओनोदेराकाकांच्या दुकानात दिलं. हमामखान्याच्या पायऱ्या उतरलं की डाव्या हाताला ते दुकान. माझी जागा गल्ल्याजवळ, एका नळकांड्यात, भावंडांच्या दाटीत. ही जागा साधी समजू नका. आत दुकानात माणूस डोळ्यांनी फिरतो. गल्ल्याजवळ आला की त्याला घरची माणसं आठवायला लागतात.

आमच्या देशात कुणी दोन दिवस बाहेरगावी गेलं तरी परतताना हातात पुडा हवाच. हपिसातल्यांना, शेजाऱ्यांना, घरच्यांना. ओनोदेराकाका शाळा फार शिकलेले नाहीत, पण माणसाच्या हातातल्या पुड्यावरून त्याचं घर वाचायचे. एकदा एक साहेब आले, आंघोळीने लालबुंद झालेले. हळूच विचारतात, "सेंडाई शहराची काही मिठाई आहे का हो?" काकांनी एक प्रश्न विचारला नाही. गल्ल्याखालून सेंडाईचा डबा काढला आणि कागदात बांधून दिला. साहेब घरी 'कामासाठी सेंडाईला जातो' सांगून आले होते, हे सांगायला हवं का? ते गेल्यावर काका म्हणाले, "गिऱ्हाइकाची अडचण त्याच्याआधी दुकानात येऊन बसलेली पाहिजे. यालाच धंदा म्हणतात."

पण काका एका गिऱ्हाइकापुढे हात टेकायचे. बापासाठी काही घ्यायला आलेल्या. आईसाठी घेणारं गिऱ्हाईक चार वस्तू हाताळतं, दोन घेतं. बापासाठी घेणारं दुकानाला तीन फेऱ्या घालतं, उसासा सोडतं आणि शेवटी बिस्किटांचा डबा उचलतं.

इकुए अशीच. चाळिशीची बाई, एका पडदे शिवणाऱ्या कंपनीत कामाला. गावोगावच्या सरायांच्या खिडक्या मोजत फिरायची. आमच्या गावी आली की दुकानात डोकावायचीच. उन्हाळा उतरत असताना एका दुपारी ती आली, गळ्यात मोजपट्टी तशीच लोंबत होती.

"ये बाई. आज कुणाच्या खिडक्या मोजल्या?"

"वरच्या सरायच्या. काका, बाबांसाठी काहीतरी द्या."

"मागच्या खेपेला अक्रोडाच्या वड्या नेल्या होत्यास, त्या?"

"शेजारच्या बाईंनी खाल्ल्या. मला मुद्दाम फोन करून आभार मानले. म्हणे, 'तुमचे बाबा नेहमीच आणून देतात हो.' नेहमीच!"

काकांनी डोकं खाजवलं. "दारू?"

"आई गेली तेव्हापासून सोडली."

"लोकरीचे मोजे?"

"दिले. पायात कधी दिसले नाहीत."

"चहाचा पेला?"

"दिला. टवका उडालेल्या जुन्या पेल्यातूनच पितात. कमरेचा पट्टा दिला, टोपी दिली, कुठे जातात देव जाणे."

"मग त्यांना हवंय तरी काय?"

"विचारलं की म्हणतात, 'काही नको. तू जिवाला जप.'"

"ह्या 'काही नको'वाल्या बापांनी माझं दुकान बुडवलं!" काका म्हणाले. "एक वेळ सासूला खूश करता येईल."

इकुए हसली नाही. "काका, हे शेवटचं. हेही कुणाला देऊन टाकलं, तर पुढे मी काही नेणार नाही."

"नको नेऊ. रिकाम्या हाताने जा. बापच तर आहे."

"रिकाम्या हाताने जाऊन बोलू काय?" ती गल्ल्यावर कोपर टेकून म्हणाली. "आई होती तेव्हा ती बोलायची आणि आम्ही दोघं ऐकायचो. आता दोघंही ऐकणारेच उरलोय. हातात पुडा असला की दारात म्हणायला एक वाक्य तरी असतं. तोही नसला तर मी त्या घरी जाऊ कशाच्या निमित्ताने?"

काकांनी गल्ला लोटून बंद केला. मग विचारलं, "बाबा काय काम करायचे?"

"पाणीखात्यात होते. रस्त्याखालच्या नळांची गळती ऐकायचे. लोखंडी दांड्याचं एक टोक जमिनीला आणि एक कानाला. आत पाणी झिरपत असलं की त्यांना कळायचं."

"म्हणजे कानावर पोट!"

"हो ना. म्हणून आई दर रविवारी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन..." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर आमच्या नळकांड्यावर आली होती.

तिने आम्हा भावंडांना एकेक करून बाहेर काढलं, चमचा तळहातावर फिरवून पाहिला. माझ्यापाशी आली आणि माझा वाकडा ठिपका पाहून तिच्या ओठांचा कोपरा हलला. "हा बघा. अगदी बाबांसारखा तोंड दाबून बसलाय."

अशी माझी विक्री झाली. काकांनी मला लांबट डबीत घातलं, डबीवर कागद चढवला, आणि दुकान सुटलं. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली होती. कानकोरण्याला दुसरं काय हवं असतं? एक कान, एक मांडी आणि उन्हाची दुपार.

बाबांचं घर शिओगामाला, समुद्राच्या वासात. त्यांचं नाव तोकुजी. इकुए दारात चपला काढता काढता म्हणाली, "काही विशेष नाही हो, बाबा. आधी आईपुढे ठेवा."

"हं," म्हणून तोकुजींनी मला दोन्ही हातांनी घेतलं. भिंतीतल्या देव्हाऱ्यात त्यांच्या बायकोचा, सुमिएचा, फोटो होता. त्यापुढे मला ठेवलं, छोटी घंटा वाजवली, हात जोडले. आणलेली वस्तू आणणाऱ्यासमोर फोडून पाहणं आमच्याकडे असभ्य, त्यामुळे इकुएनेही काही म्हटलं नाही. चहा झाला.

"पाऊस होता का तिकडे?"

"नव्हता."

"हं."

एवढंच बोलणं. निघताना इकुएने देव्हाऱ्याकडे एकदा मान वळवून पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती.

आता आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. घरात काही आलं की ते आधी गेलेल्या माणसापुढे ठेवायचं, जसा तुम्ही नैवेद्य दाखवता. मग थोड्या वेळाने ते उतरवून घरच्यांनी घ्यायचं. ह्या घरात उतरवायचं काम सुमिएचं होतं. सासूच्या फोटोपुढची मिठाई ती उतरवायची आणि नवऱ्याच्या हातात देऊन म्हणायची, "त्यांचं झालं. घ्या आता तुम्ही." आता ती स्वतःच फोटोत जाऊन बसली होती. मग उतरवणार कोण?

लेक गेल्यावर तोकुजी देव्हाऱ्यापुढे बसले. मला उचललं, हलवून पाहिलं.

"सुमिए, पोरीने पुन्हा तुलाच आणलंय बघ. हलकं आहे. केसांतली पिन असेल." थोडं थांबून म्हणाले, "आठवण ठेवते तुझी. चांगलं आहे."

आणि तो आवाज मी ओळखला. दुकानात ऐकला होता ना, खिडक्या मोजणाऱ्या बाईच्या तोंडून! सारख्याच दुखण्याचे दोन आवाज. पोरीला वाटत होतं, आपण आणलेलं बाबांना आवडत नाही. बापाला वाटत होतं, पोर आपल्यासाठी काही आणतच नाही.

मग त्यांनी देव्हाऱ्याखालचा खण ओढला आणि मला आत ठेवलं. आत अंधारात मंडळी आधीपासून बसलेली होती. मोजे, पट्टा, टोपी, पेला, सगळे आपापल्या कागदांत.

"आलास?" मोजे म्हणाले. "बस. आपण सगळे सुमिएबाईंच्या नावावर आहोत."

"पण बाई तर..."

"म्हणून तर इथे आहोत."

खाण्याच्या वस्तू नासतात, म्हणून त्या तेवढ्या शेजारी जायच्या. 'सुमिएच्या आहेत, घ्या' म्हणून तोकुजी देऊन यायचे. आम्ही न नासणारे, तेव्हा आम्हाला सुटका नाही.

खणात राहून मी खूप ऐकलं. टीव्हीचा आवाज फार मोठा असायचा. फोन आला की तोकुजी तो उजव्या कानाला लावायचे, 'आं? आं?' करायचे आणि मग डाव्या कानाला न्यायचे. गळतीचा थेंब ऐकणारा माणूस हा! माझ्यात आणि त्या कानात एक फळी आणि एक कागद होता फक्त. वाटायचं, ओरडावं. पण तोंड म्हणजे ठिपका, आणि तोही वाकडा.

शरदात पितरांचा आठवडा आला. आमच्याकडे तेव्हा कबरीवर फुलं वाहायची आणि ओहागी खायचे, गोड पुरणात घोळवलेले भाताचे गोळे. तोकुजींची थोरली बहीण किनुको ओहागींचा डबा घेऊन सकाळीच हजर झाली. ती एकटी आली तरी घरात चार माणसं आल्यासारखं वाटायचं.

मागून इकुए आली. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने; फोनवर बाबांनी माझं एकदाही नाव काढलं नव्हतं. दारात म्हणायला वाक्य नव्हतं, म्हणून नुसती चपला काढत राहिली. आपण दिलेलं कुठे दिसतंय का म्हणून तिने फोनशेजारी पाहिलं, टीव्हीजवळ पाहिलं. मी कुठेच नव्हतो.

तोकुजींनी तिचे हात पाहिले. "आज आईला काही नाही आणलंस?"

इकुएला तो टोमणा वाटला. "आणून उपयोग काय?" म्हणाली आणि चहा टाकायला आत निघून गेली. भांडी जरा जोरात वाजली. बाप दुखावून नव्हे, काळजीने विचारत होता, पोर आईला विसरली की काय म्हणून. पण हे तिला कोण सांगणार?

"तोकु, उदबत्त्या कुठे ठेवल्यास रे?" किनुको ओरडली, आणि उत्तराची वाट न बघता तिने आमचा खण ओढला. फाडकन उजेड आला.

"अगं बाई! हे काय दुकान मांडलंयस?"

"ताई, ते सुमिएचं आहे. हात लावू नको."

"सुमिएचं?" तिने मोज्यांचा कागद फाडला सुद्धा. "हे मोजे सुमिएचे? दोन्ही पाय एकातच घालणार होती काय ती?"

"पोरीला माप कळलं नसेल. दुकानदाराने गळ्यात मारले असतील."

"आणि हा चामड्याचा पट्टा? किमोनोवर बांधायला? तोकु, नोकरीतून निवृत्त हो म्हटलं होतं, अकलेतून नव्हे!"

तोकुजी जरा चिडले. "अगं, इकुए दर वेळी म्हणते, 'आईपुढे ठेवा.' आईचं ते आईचं. मी कसं घेऊ?"

"आधी तिच्यापुढे ठेव, मग तू घे! जन्मभर काय खाल्लंस मेल्या? आपल्या आईपुढून उतरवलेलंच ना?"

"ते सुमिए उतरवून द्यायची."

किनुकोने मोजे मांडीवर ठेवले.

"ती म्हणायची, घ्या आता," तोकुजी म्हणाले. "मग मी घ्यायचो. आता म्हणत नाही कुणी."

स्वयंपाकघराच्या दारात इकुए चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून, कुणालाच कळलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी काहीच आणत नाही, असं वाटायचं तुम्हाला?"

"मला काय लागतं?"

"ते नाही विचारलं मी."

तोकुजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. "एकदा वाटलं होतं, टोपी आणशील. मग म्हटलं, आईची आठवण काढतेस तेच पुष्कळ आहे."

"टोपी पण आहे की रे इथे!" खणात कोपरापर्यंत हात घातलेली किनुको ओरडली. "ही बघ!"

इकुएला हसू आलं आणि रडूही. तिने ट्रे खाली ठेवला, खणात वाकली आणि नेमकं मला उचललं. बाबांसमोर गुडघे टेकून बसली, मला दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"हे तुमचं आहे, बाबा. आईपुढे ठेवू नका. आत्ता, माझ्यासमोर उघडा."

तोकुजींनी फोटोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग नखाने चिकटपट्टी हळूहळू सोडवली. कागद फाटू दिला नाही. तो आधी नीट घडी करून बाजूला ठेवला, आणि मगच डबी उघडली.

माझ्याकडे ते पाहतच राहिले. मी कितीतरी लोकांच्या नजरेखालून गेलोय; लोक किंमत बघतात, डोकं बघून हसतात. असं माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"उजवा," ते म्हणाले.

"काय?"

"उजव्याने कमी ऐकू येतं. ती गेल्यापासून."

किनुको उठली. "मी फुलं पाण्यात घालते," म्हणाली आणि पुढे एकही शब्द न बोलता बाहेर गेली. तिच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं असेल.

तोकुजी आडवे झाले. लेकीच्या मांडीवर डोकं ठेवताना त्यांनी आधी मान अधांतरीच धरली, ओझं होऊ नये म्हणून. मग ती हळूहळू टेकली. इकुएने मला दोन बोटांत धरलं. आईला करताना तिने पाहिलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं.

"दुखलं तर सांगा."

"सांगतो."

असा मी पहिल्यांदा कामाला लागलो. आतलं काही सांगत नाही. प्रत्येक धंद्याची एक मर्यादा असते. एवढंच सांगतो, त्या कानात फार दिवसांचं साचलेलं होतं.

थोड्या वेळाने तोकुजी म्हणाले, "तुझा हात तिच्यापेक्षा जड आहे."

"मग उठा."

"राहू दे."

नंतर ते झोपले, की झोपल्यासारखे पडून राहिले, मला नाही कळलं. इकुएच्या पायांना मुंग्या आल्या असणार. ती हलली नाही. चहा निवून गेला.

आता माझं बिऱ्हाड फोनशेजारी एका उभ्या डब्यात आहे. खणातली मंडळी सुटली. मोजे पायात गेले, पट्टा कमरेला गेला. थंडी मुरली तशी टोपी तर घरातही डोक्यावर असते. माझंच तेवढं वेगळं आहे. तोकुजी मला कधी स्वतः वापरत नाहीत. कान खाजला की करंगळी घालतात. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत काडेपेटीतली काडी घातली! सुरुवातीला अपमान वाटला. मग कळलं. रोज सकाळी ते मला काढतात, मऊ फडक्याने पुसतात आणि परत ठेवतात. मी त्यांना दिलेला आहे खरा, पण मला धरणारा हात दुसरा हवा.

आणि ज्या माणसाने आयुष्यात लेकीला 'ये' म्हटलं नाही, तो आता आपणहून फोन फिरवतो. "इकुए, कान खाजतोय." एवढंच. ती म्हणते, "रविवारी येते." ते म्हणतात, "तुला जमेल तेव्हा." खरं सांगू का? कान खाजत नसतो. माझा धंदाच तो आहे, मला कळणार नाही?

तेव्हा लेकरांनो, कुठल्या परगावच्या दुकानात गल्ल्यापाशी उसासा सोडत उभे असाल, तर 'काही नको' ह्या शब्दांवर जाऊ नका. काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण देताना मधे कुणाला ठेवू नका, देवाला नको आणि गेलेल्या माणसालाही नको. बापाच्याच हातात द्या आणि तोंडाने म्हणा, 'हे तुमचं.' म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी 'घ्या' म्हणावं लागतं.

आज रविवार. डोंगरात बर्फ फार पडलाय, गाड्या बंद आहेत. मघाशी तिकडेच खिडक्या मोजायला गेलेल्या इकुएचा फोन आला. तोकुजींनी तो पहिल्यापासूनच उजव्या कानाला लावला होता. "हं," म्हणाले, "नको येऊ. एवढं काही खाजत नाही." फोन ठेवला. मग मला डब्यातून काढलं, मेजावर ठेवलं, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तुकड्यात बसायची गादी सरकवली. आता तिथेच बसलेत, उजवा कान दाराकडे करून.